चौक ते 'थेटर' : आपल्या तळमजल्यावरच्या खोलीचा इतिहास

स्मरणिका समितीने माझ्याकडे मागितलं होतं ते 'सोसायटीच्या होम थिएटरची माहिती, एक पान'. एका पानात ती बसत नाही. ज्यांना फक्त माहिती हवी आहे त्यांच्यासाठी ती अशी : खोली २२ फूट बाय १४ फूट, पडदा १०० इंची, स्पीकर पाच अधिक एक, आसनं अठ्ठावीस, दर शनिवारी संध्याकाळी साडेसहा. बाकीच्यांनी पुढे वाचावं. २०१४ ते २०१७ मी सेक्रेटरी होतो, त्यामुळे त्या काळाची इतिवृत्तं माझ्याच अक्षरात आहेत. भारत इतिहास संशोधक मंडळ आपल्यापासून चालत दहा मिनिटांवर, तेव्हा कागदाशिवाय बोलायचं नाही ही सवय या पेठेला आहेच. मीही शक्य तिथे इतिवृत्ताचा आधार घेतला आहे. जिथे तो नाही तिथे आठवण आहे, आणि ती माझी एकट्याची आहे.

आधी 'रौप्यमहोत्सव' या शब्दाविषयी थोडं. संस्थांच्या बाबतीत तो पंचवीस वर्षांचा असतो, सिनेमाच्या बाबतीत पंचवीस आठवड्यांचा. दादासाहेब तोरणे यांच्या पुण्याच्या सरस्वती सिनेटोनने १९३२ मध्ये 'श्यामसुंदर' काढला, दिग्दर्शक भालजी पेंढारकर. मुंबईत तो पंचवीस आठवड्यांच्या वर चालला आणि रौप्यमहोत्सव करणारा पहिला भारतीय बोलपट मानला जातो. म्हणजे या शब्दाला सिनेमाचा वास लागला त्यात पुण्याचा हात आहे. पुढे दादा कोंडक्यांनी ओळीने नऊ रौप्यमहोत्सव करून दाखवले. आपल्याला एकाच रौप्यमहोत्सवाला पंचवीस वर्षं लागली, आणि त्यातली निदान दोन वर्षं तर याच खोलीवरून भांडण्यात गेली.

आपल्या पेठेच्या आसपास सिनेमा पाहायला कधी लांब जावं लागलं नाही. मंडईजवळ 'आर्यन' होतं. बापूसाहेब पाठकांनी १९१५ मध्ये सुरू केलेलं, पुण्यातलं पहिलं कायमचं चित्रपटगृह. माझे आजोबा तिथे मूकपट पाहायचे. १९८३ मध्ये ते बंद झालं आणि आज तिथे वाहनतळ आहे, आपल्यातले निम्मे लोक मंडईत जाताना तिथेच स्कूटर लावतात. पेरूगेटजवळ 'भानुविलास', लक्ष्मी रस्त्यावर 'विजय', टिळक रस्ता जिथे संपतो तिथे 'अलका', आणि अप्पा बळवंत चौकाजवळ 'प्रभात'. ही शेवटची वास्तू किबे घराण्याची. १९३४ साली उभी राहिली आणि प्रभात कंपनीने ती भाडेकराराने चालवायला घेतली. कंपनी स्वतः १ जून १९२९ ला कोल्हापुरात स्थापन झाली आणि १९३३ मध्ये पुण्याला आली. तिच्या स्टुडिओच्या जागेत १९६० पासून फिल्म इन्स्टिट्यूट आहे, हे सगळ्यांना माहीत आहे. पेठेतल्या माणसाला मात्र 'प्रभात' म्हटलं की स्टुडिओ आठवत नाही, थिएटर आठवतं.

पण आपल्या खोलीचं मूळ थिएटरात नाही. ते आपल्या जुन्या वाड्याच्या चौकात आहे.

नवीन सभासदांनी तो वाडा पाहिलेला नाही. सध्या जिथे दुचाकी लागतात तिथे फरसबंद चौक होता, मध्ये बुजवलेला हौद, तीन बाजूंना ओसरी आणि नऊ भाडेकरू. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं आणि पुढच्या वर्षी सिंहगडावरच्या मनोऱ्यामुळे ते पुण्यात दिसू लागलं. वाड्यात पहिला टीव्ही घेतला तो दक्षिणेकडच्या दोन खोल्यांतल्या काकूंनी. (त्यांचं नाव इथे देत नाही. जुन्यांना सांगायची गरज नाही.) काका सरकारी नोकरीत. टीव्ही लाकडी पेटीत, समोर सरकती फळी, तिला चक्क कुलूप. शनिवारी मराठी सिनेमा आणि रविवारी हिंदी, त्या संध्याकाळी काकूंच्या दहा बाय बारा फुटांच्या खोलीत चाळीस-पंचेचाळीस माणसं मावायची. पोरं सतरंजीवर पुढे, बायका मध्ये, पुरुष दारात उभे, आणि उरलेले खिडकीच्या गजांना धरून. काकूंचे नियम दोन : पाय धुऊन आत यायचं आणि सिनेमा चालू असताना 'आता पुढे काय होतं' ते सांगायचं नाही. दुसरा नियम मोडणाऱ्याला त्या बाहेर काढायच्या. मी दोनदा बाहेर गेलो आहे.

तेव्हा लक्षात न आलेली एक गोष्ट चाळीस वर्षांनी कामाला आली. त्या खोलीत इतकी माणसं असून, टीव्हीचा स्पीकर मूठभर असून, मागच्यालाही शब्द न् शब्द ऐकू यायचा, आणि शेजारच्या खोलीत झोपलेल्या आजारी माणसाला त्रास होत नसे. भिंती दीड हात जाडीच्या, मातीच्या. जमीन शेणाची, वर लाकडी तक्तपोशी, कोपऱ्यात अंथरुणांचा ढीग. आवाज कुठे आपटून परत येण्यासारखं काही नव्हतंच.

ऐंशीच्या दशकात व्हीसीआर आला. तो कुणी विकत घेत नसे, एका रात्रीपुरता भाड्याने यायचा, रंगीत टीव्हीसकट. वाडा वर्गणी काढायचा, चौकात ओसरीवर टेबल मांडायचं, गोधड्या अंथरायच्या आणि रात्रभरात तीन सिनेमे पाहायचे. तिसऱ्याच्या वेळी जागी असलेली माणसं हाताच्या बोटांवर. गणपतीत तर गल्लीत आडवा पडदा लावून १६ मिलिमीटरचा सिनेमा असायचा. मी नेहमी पडद्याच्या मागच्या बाजूला बसायचो, कारण तिथे जागा मिळायची. त्यामुळे कित्येक सिनेमांची श्रेयनामावली मी उलटी वाचलेली आहे आणि त्यातले सगळे नायक माझ्या आठवणीत डावखुरे आहेत.

घरात सिनेमा पाहणं ही कल्पना तशी नवीन नव्हे. फ्रान्सच्या पाथे कंपनीने १९२२ मध्येच घरगुती प्रोजेक्टर बाजारात आणला होता, लगोलग १९२३ मध्ये कोडॅकची १६ मिलिमीटरची फिल्म आली. पण तो श्रीमंतांचा खेळ होता. आपल्याकडे 'होम' आणि 'थिएटर' हे दोन शब्द एकत्र आले ते डीव्हीडीबरोबर, म्हणजे साधारण आपली इमारत उभी राहिली तेव्हाच.

वाडा १९९८ मध्ये उतरवला. २००० मध्ये ताबा मिळाला आणि सोसायटीची नोंदणी झाली. वीस सदनिका : मालकांची एक, जुन्या भाडेकरूंच्या नऊ आणि नवीन दहा. तळमजल्यावरची खोली नकाशात 'सोसायटी सभागृह' म्हणून मंजूर आहे. ती मिळाली कशी, हेही लिहून ठेवतो, कारण ते कुठल्याच इतिवृत्तात नाही. बिल्डरने आधी तिथे दुकान दाखवलं होतं. करारावर सह्या करायला सगळे भाडेकरू बसले असताना काकूंनी विचारलं, "चौक कुठे आहे यात?" बिल्डर म्हणाला, चौक आता नसतो. काकू म्हणाल्या, "मग सही पण नसते." तीन आठवडे सही नव्हती. शेवटी दुकानाची खोली सभागृह झाली.

पुढची चौदा वर्षं त्या खोलीत वर्षाकाठी एक सभा झाली. उरलेले तीनशे चौसष्ट दिवस तिथे मखर, मोडक्या खुर्च्या आणि एक टेबल-टेनिसचं टेबल नांदत होतं. प्रत्येकजण आपापल्या घरी आपापला टीव्ही बघत होता. २००३ च्या सुमारास तिसऱ्या मजल्यावर इमारतीतलं पहिलं होम थिएटर आलं, डब्यात बांधून येतं तसलं. बघायला आम्ही सगळे गेलो. पाचही स्पीकर शोकेसवर एका ओळीत, गणपतीच्या शेजारी मांडलेले. सूचनांच्या पुस्तकात दोन मागे ठेवा असं होतं, पण मागे ठेवले तर वायर गालिच्याखालून न्यावी लागते आणि गालिचा नवा होता.

२०१४ मध्ये प्रश्न निघाला तो भाड्याचा. आपल्या पेठेत स्पर्धा परीक्षांच्या मुलांची किती गर्दी झाली आहे ते आपण रोज बघतो. दर तिसऱ्या घरात अभ्यासिका. एका क्लासवाल्यांनी आपली खोली अभ्यासिकेसाठी मागितली. जे भाडं ते देणार होते त्यात प्रत्येकाचा मेंटेनन्स जवळजवळ निम्म्यावर आला असता. विरोध मुख्यतः जुन्या भाडेकरूंचा. सप्टेंबरच्या वार्षिक सभेत विषय लांबणीवर पडला. त्याच वर्षाच्या अखेरीस 'प्रभात'चा भाडेकरार संपला आणि ते थिएटर बंद झालं. (किब्यांनी ते नंतर स्वतः पुन्हा सुरू केलं, पण ती पुढची गोष्ट.) शेवटचे खेळ पाहायला आपल्या इमारतीतून बरेच जण गेले. काकूंना गुडघ्यांमुळे जाता आलं नाही, त्या तेव्हा एक्याऐंशी वर्षांच्या होत्या. जानेवारी २०१५ च्या विशेष सभेत त्या काठी टेकत आल्या आणि म्हणाल्या, "मला आता थेटरात जाता येत नाही. थेटर खाली आणा."

लोक हसले. मग दुसऱ्या मजल्यावरच्या वकीलसाहेबांनी तोच प्रस्ताव रीतसर शब्दांत मांडला आणि मतदान झालं. इतिवृत्तात नोंद अशी आहे : सभागृह भाड्याने न देता सभासदांसाठी चित्रपट व श्रवणकक्ष म्हणून वापरावे; बाजूने ११, विरोधी ८, गैरहजर १. त्या आठांमध्ये मी होतो. निवृत्तीला वर्षं थोडी उरली होती आणि मला निम्मा मेंटेनन्स खुणावत होता. ठराव मंजूर झाल्यावर अंमलबजावणीचं काम आलं सेक्रेटरीकडे, म्हणजे माझ्याचकडे. काकूंनी जिन्यात गाठून एवढंच म्हटलं, "आता नीट कर हो."

नीट केलं नाही. ते आता सांगतो.

मी तपकीर गल्लीत आठ दिवस हिंडलो, तीन दुकानांची दरपत्रकं घेतली आणि सामान आणलं. प्रोजेक्टर, पडदा, ॲम्प्लिफायर, पाच स्पीकर, एक सबवूफर, वायरी, एसी. एकूण दोन लाख दहा हजार. भिंतींवर खर्च केला बारा हजार, त्यातला बराचसा रंगाचा. रंगावरूनही एक सभा झाली. भिंती पांढऱ्या असल्या तर पडद्यावरचा उजेड त्यांच्यावरून परतून पडद्यावरच येतो आणि चित्रातला काळोख राखाडी दिसतो, म्हणून भिंती गडद हव्यात. काळा रंग अशुभ, असं तिघांचं म्हणणं. शेवटी वांगी रंग ठरला. तो अंधारात काळाच दिसतो, पण इतिवृत्तात वांगी आहे.

मांडणी मी पुस्तकाप्रमाणे केली. पुढचे डावे-उजवे स्पीकर बसणाऱ्यापासून मधल्या रेषेच्या तीस-तीस अंश बाजूला, मधला पडद्याखाली, मागचे दोन कानाच्या किंचित मागे, साधारण एकशे दहा अंशांवर. 'पाच पूर्णांक एक' मधला तो पूर्णांकानंतरचा एक म्हणजे सबवूफर, फक्त खर्जासाठी. पडदा सात फूट तीन इंच रुंद आणि मधली रांग त्यापासून अकरा फुटांवर, म्हणजे डोळ्यांत छत्तीस-सदतीस अंश भरतो, थिएटरच्या मधल्या रांगेसारखा. हे सगळं बरोबर होतं. चूक होती ती खोलीची. खाली गुळगुळीत फरशी, चार भिंती सिमेंटच्या, वर उघडा स्लॅब. मध्ये उभं राहून टाळी वाजवली की ती टाळी थरथरत चार वेळा परत यायची. पडद्यावरचा माणूस बोलतोय की विहिरीतून बोलतोय ते कळेना.

तेव्हा मला कुणीतरी सांगितलं की अंड्यांचे ट्रे भिंतीला लावा, आवाज बाहेर जात नाही. मी विश्वास ठेवला. आपल्या इमारतीत अंडं खाणारे आहेत, पण ते जाहीर करणारे नाहीत. त्यामुळे तीनशे ट्रे घेऊन टेम्पो दारात उभा राहिला तेव्हा गॅलऱ्यांमधून जे चेहरे बाहेर आले ते मी विसरणार नाही. ट्रे लागले. टाळीची थरथर थोडी कमी झाली. बाहेर जाणारा आवाज तसूभर कमी झाला नाही. कागदाचा लगदा वरच्या पट्टीतला आवाज थोडा पितो, पण अडवत काहीच नाही. आवाज पिणं वेगळं आणि अडवणं वेगळं, अडवायला वजन लागतं. हे मला नंतर एका ध्वनिमुद्रण करणाऱ्या गृहस्थांनी समजावलं, फुकट, आणि मी ते दोन लाख खर्च केल्यावर ऐकलं.

पहिला खेळ २०१५ च्या गणपतीत झाला. वकीलसाहेबांचं म्हणणं होतं की आपल्या देशात चित्रपटाचा स्वामित्वहक्क प्रदर्शनानंतर साठ वर्षांपर्यंत असतो. त्यापुढचे चित्रपट निर्धास्त दाखवावेत, अलीकडच्यांना रीतसर परवानगी लागेल. म्हणून निवडला 'संत तुकाराम', १९३६ चा. हा मुंबईत वर्षाहून अधिक चालला होता आणि १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात वाखाणला गेला. चित्र सुरू झालं आणि दोन तक्रारी आल्या. पहिली : दोन्ही बाजूंना काळे पट्टे का, पडदा पुरा का भरत नाही? त्या काळची चौकट जवळजवळ चौकोनी, आपला पडदा आडवा, म्हणून. हे सांगेपर्यंत एका उत्साही तरुणाने रिमोटवरचं चित्र ताणायचं बटण दाबलं आणि विष्णुपंत पागनीस एकदम लठ्ठ झाले. इंद्रायणीकाठचे उपाशी तुकोबा इतके गुटगुटीत पाहून काकू ओरडल्या, "आधी होते तसे कर!"

दुसरी तक्रार खजिनदारांची. ते सिनेमाभर उठून एकेका स्पीकरला कान लावत होते. मध्यंतरात म्हणाले, "पाच स्पीकरचे पैसे दिलेत, चार गप्प आहेत." खरं होतं. तो चित्रपट एकाच ध्वनिपट्टीचा, त्यामुळे मी केलेल्या जोडणीत आवाज फक्त मधल्या स्पीकरमधून येत होता. आपल्याकडे १९७५ चा 'शोले' ७० मिलिमीटर आणि अनेक ध्वनिपट्ट्यांचा म्हणून गाजला. त्याआधीचे आणि नंतरचेही कित्येक वर्षांचे बहुतेक सिनेमे एकपट्टीच. म्हणजे ज्यांच्या आवडीचे चित्रपट १९६० च्या आधीचे आहेत त्यांना एकच चांगला स्पीकर पुरतो. खजिनदारांनी ते वाक्य वहीत लिहून घेतलं आणि पुढची दोन वर्षं मला ऐकवलं.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. गेलं नाही ते पहिल्या मजल्यामुळे. खोलीच्या बरोबर वर जे कुटुंब राहतं त्यांचा मुलगा त्या वर्षी दहावीत होता. सबवूफरचा खर्ज हवेतून जात नाही इतका स्लॅबमधून जातो. बावीस, चौदा आणि साडेनऊ फुटांच्या खोलीला स्वतःचे सूर असतात. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर धरला तर आपल्या खोलीचे ते पंचवीस, चाळीस आणि एकोणसाठ हर्ट्झच्या आसपास येतात. त्या सुरांवर खोली आपणहून घुमते. खाली आम्हाला ढगांचा गडगडाट छान वाटायचा, वर मुलाच्या टेबलावरचा पेला सरकायचा. त्याच्या आईने ऑक्टोबरमध्ये सांगितलं, नोव्हेंबरमध्ये लिहून दिलं. डिसेंबरात त्या खाली आल्या, चालू सिनेमात दिवा लावला आणि म्हणाल्या, "नियमाप्रमाणे वस्तीत दिवसा पंचावन्न डेसिबल आणि रात्री पंचेचाळीस. मी मोबाइलवर मोजलंय." कुणीतरी मागून म्हणालं, "नवीन लोकांना कसलीच सवय नाही." ते म्हणणारा आवाज जुन्या भाडेकरूंपैकी होता आणि मी तो ओळखला, पण इतिवृत्तात घातला नाही. घालायला हवा होता. त्यांचं पत्रही मी दोन महिने फाइलला लावून ठेवलं होतं, उत्तर न देता. ती माझी चूक आहे आणि इथे ती लिहून ठेवतो.

जानेवारी २०१६ मध्ये खोली बंद झाली. भाड्याचा विषय लगेच पुन्हा विषयपत्रिकेवर आला. या वेळी मात्र मी तो मांडायला नकार दिला. तत्त्व वगैरे काही नव्हतं, माझ्या हातून बिघडलेलं काम तसंच टाकून द्यायचं नव्हतं.

दुसरी खेप करताना आधी भिंती केल्या, मग यंत्रं. स्लॅबला रबराच्या टांगण्यांवर दुसरं छत टांगलं, जिप्समचे दोन थर आणि वर काचलोकर, स्लॅबला थेट कुठेही न टेकणारं. दार भरीव लाकडाचं आणि त्याच्या फटींना रबरी पट्ट्या. दाराखाली अर्ध्या इंचाची फट राहिली तर बाकी सगळं केलेलं वाया, हे सुताराला पटायला वेळ लागला. सबवूफर कोपऱ्यातून काढला, कारण कोपऱ्यात घुमा सर्वांत जास्त, आणि जाड रबरावर ठेवला. वायरींसाठी भिंतीत एक जादा रिकामी नळी टाकली. ही सूचना कुणाला घरी असं काही करायचं असेल तर विसरू नका, यंत्रं पाच वर्षांत बदलतात आणि भिंत पुन्हा फोडवत नाही. खर्च एक लाख साठ हजार, म्हणजे आधीच्या बारा हजारांचा धडा. (सुताराचा शेवटचा हप्ता नेमका नोटाबंदीत अडकला. तो त्याने पाचशेच्या जुन्या नोटांत घ्यायला नकार दिला, यात त्याचं चुकलं नाही.)

उरली होती मागची भिंत. पुढून आलेला आवाज तिच्यावर आपटून पुन्हा पुढे येत होता. तयार तक्त्यांचा भाव ऐकून खजिनदार पाणी प्यायला गेले. काकूंना मी वाड्यातल्या त्यांच्या खोलीची आठवण सांगत होतो, की तिथे आवाज कसा स्वच्छ यायचा. त्या म्हणाल्या, "अरे, अंथरुणं होती ना तिथे." त्यांच्याकडे माळ्यावर जुन्या लुगड्यांच्या गोधड्या होत्या, सहा-सहा, आठ-आठ पदरी, वजनाला दणकट. इतर घरांतूनही निघाल्या. पहिल्या मजल्यावरच्या बाईंनी त्यांच्या सासूबाईंच्या दोन दिल्या. अकरा गोधड्या मागच्या भिंतीपासून चार इंच सोडून पडद्यासारख्या टांगल्या. अंतर सोडायचं कारण असं, की भिंतीला चिकटवलं तर फक्त वरचा आवाज पितात, मोकळं सोडलं की थोडा खालचाही. टाळी वाजवली. एकदाच वाजली.

दिवाळीत खोली उघडली. पहिल्या मजल्यावरच्या मुलाला वर त्याच्या टेबलाशी बसवून मी खाली आवाज वाढवत गेलो, तो फोनवर 'काका, अजून वाढवा' म्हणत होता. जिथे तो 'बास' म्हणाला तिथे ॲम्प्लिफायरवर लाल टिकली चिकटवली. ती टिकली आजही आहे, तिच्या पुढे कुणी जात नाही. रात्री साडेनऊनंतर खेळ नाही, दहावी-बारावीच्या परीक्षेच्या महिन्यांत सबवूफर बंद, हे ठरावाने ठरलं. सूचक मी, अनुमोदक त्या मुलाची आई. त्या शनिवारी 'शेजारी' लावला होता, १९४१ चा. निवड वकीलसाहेबांची. कुणी काही बोललं नाही.

ज्येष्ठांसाठी आणखी एक केलं, ते सांगण्यासारखं आहे. वयाबरोबर कान आधी वरचे सूर सोडतात, आणि क, ट, स यांसारखी व्यंजनं त्याच सुरांत असतात. म्हणून म्हाताऱ्या माणसाला आवाज ऐकू येतो पण शब्द कळत नाही. अशा वेळी सगळा आवाज वाढवून उपयोग नसतो. फक्त मधला स्पीकर, ज्यातून संवाद येतात, तो बाकीच्यांपेक्षा तीन-चार डेसिबल वर ठेवायचा. काकू मग श्रवणयंत्र काढून ठेवायच्या आणि पहिल्या रांगेत डाव्या कडेला बसायच्या. पुढे कुणी बोललं की काठी आपटायच्या. नियम तोच, १९७३ चा.

२०२० च्या टाळेबंदीत खोलीत भाजीच्या पाट्या आणि सॅनिटायझरचे डबे होते. प्रोजेक्टर वर्षभर बंद राहून त्याच्या भिंगाला बुरशी आली, ती काढायला चार हजार लागले. काकू त्याआधीच, २०१९ च्या पावसाळ्यात गेल्या. त्यांनी शेवटचा पाहिलेला चित्रपट 'श्यामची आई'. तो १९५३ मध्ये त्यांनी लग्नाआधी पाहिला होता आणि शेवट कसा होतो ते त्यांना माहीत होतं, पण सांगितला नाही.

क्रिकेटचे सामने दाखवायचे की नाही यावर आपल्या दोन्ही वकिलांचं अजून एकमत नाही. मुलांचं आहे. गोधड्यांपैकी दोन उसवल्या आहेत, ज्यांना टाका घालता येतो त्यांनी नाव द्यावं. प्रोजेक्टरचा दिवा या वर्षअखेरपर्यंत टिकेल असं दिसतंय, त्यासाठी तरतूद हवी. आणि येत्या वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर, विषय क्रमांक सात, 'तळमजल्यावरील सभागृह भाडेतत्त्वावर देण्याबाबत विचार' हा पुन्हा आला आहे. अभ्यासिकांचे दर आता २०१४ च्या दुप्पट आहेत आणि मेंटेनन्सही वाढला आहे, तेव्हा मांडणाऱ्यांचं म्हणणं खोटं नाही. माझं मत या वेळी कुठे असेल ते सभेत दिसेलच, हात वर करूनच मतदान असतं.

या शनिवारी 'माणूस' आहे, १९३९ चा. साडेसहाला. पाय धुऊन यावं.